नवरा माशाशी बोलतो, माझ्याशी नाही

नमस्कार ताई,

हसू नका, पण मला एका माशाचा मत्सर वाटायला लागलाय. माझा नवरा 44 वर्षांचा आहे. कॉलेजात असताना घेतलेला त्याचा सेगा ड्रीमकास्ट, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचा डबा, इतकी वर्षं माळ्यावर पडून होता. मध्यंतरी आवराआवरीत तो खाली आला, पुसून झाला, टीव्हीला जोडून झाला आणि सोबत ‘सीमॅन’ नावाचा खेळही निघाला. टाकीत एक मासा असतो, त्याला माणसाचं तोंड असतं आणि माइकवर बोललं की तो उलट बोलतो. झालं, तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की हा खोलीचं दार लोटून घेतो आणि त्या माशाशी इंग्रजीत गप्पा मारतो. आमची 10 वर्षांची लेक दाराला कान लावून हसून लोळते. सुरुवातीला मीही हसले.

गेल्या आठवड्यात मी इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले, तर दार किलकिलं होतं. माशाने नोकरीबद्दल काहीतरी विचारलं. नवरा आधी ‘नो’ म्हणाला. मग जरा थांबला आणि म्हणाला की हे काम आता सहन होत नाही, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, दोन वर्षं नुसतं रेटतोय. ताई, मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. मी विचारलं की उत्तर ठरलेलं: “ठीक चाललंय.” मी कपडे हातात घेऊन तशीच परत फिरले.

त्यात भर म्हणजे पुढच्या आठवड्यात तो कामासाठी पाच दिवस बाहेरगावी चाललाय आणि माझ्या हातात चिठ्ठी ठेवलीय. रोज एकदा चालू कर, तापमान बघ, हवा सोड, खायला घाल, नाहीतर मरेल. खरं सांगते, विसरायचा फार मोह होतोय. मी काय करू? ऐकलंय ते त्याला सांगू की गिळून टाकू? खेळातल्या प्राण्यापाशी मन मोकळं करणारा माणूस ठीक असतो ना? आणि तो ऑफिसातल्या लोकांची नावं घेऊन बोलतो, ते कुठे रेकॉर्ड होत असेल का?

– माशाची सवत

*

सवतबाई,

मासा मारू नका.

तो खरंच मरतो, म्हणून आधी हे सांगून टाकते. सीमॅनची टाकी तुमच्या घड्याळावर चालते. तुम्ही यंत्र बंद ठेवलंत तरी आतला काळ थांबत नाही. पाणी गार पडतं, हवा कमी होते आणि दोन-चार दिवस कुणी फिरकलं नाही तर परत चालू केल्यावर मेलेला मासा बघायला मिळू शकतो. पाच दिवसांनी घरी आलेल्या माणसाने ते पाहिलं की तो तुम्हाला काही बोलणार नाही. “असू दे, खेळच तर होता,” म्हणेल. तुमच्या घरात आधीच “ठीक चाललंय” हे वाक्य जास्त झालंय, त्यात हे आणखी एक कशाला?

तेव्हा ते पाच दिवस चिठ्ठीप्रमाणे वागा. फार काही करायचं नसतं. खेळ सुरू केला की आधी एक भारदस्त आवाज टाकीची हालहवाल सांगतो. इंग्रजी आवृत्तीत तो लिओनार्ड निमॉय यांचा आहे. रोजच्या कंटाळवाण्या कामाला इतका रुबाबदार सूत्रधार क्वचितच मिळतो, त्यामुळे तेवढं ऐकाच. मग टाकीतला दिवा लावायचा, हीटर बघायचा, हवा सोडायची. मासा वाढलेला असेल तर नुसत्या दाण्यांवर त्याचं भागत नाही. शेजारी किड्यांचा एक पिंजरा असतो, त्यातल्या अळ्या जगवायच्या, वाढवायच्या आणि मग त्याच्या तोंडी द्यायच्या. म्हणजे माशाला जगवायचं तर आधी त्याचं अन्न जगवायला हवं. तुम्ही घर चालवता, तेव्हा ही भानगड तुम्हाला नवऱ्यापेक्षा लवकर कळेल. पडद्यावरच्या हाताने काचेवर टकटक करता येते, माशाला गुदगुल्याही करता येतात. करून बघा, थोडा राग निवळेल.

एक पथ्य मात्र पाळा. त्याने प्रश्न विचारले तर उत्तरं देऊ नका. हा मासा वय, जन्मतारीख, कामधंदा असल्या गोष्टी विचारतो, लक्षात ठेवतो आणि पुढे कधीतरी त्या बोलण्यात आणतो. समोर कोण बोलतंय हे मात्र त्याला आवाजावरून कळत नाही. तुम्ही बोललात तरी तो समजणार की मालकच बोलतोय, आणि तुमची उत्तरं नवऱ्याच्या खात्यावर चढतील. गंमत म्हणूनही हे करू नका. आणि त्याने नवऱ्याच्या कामाविषयी काही काढलं, तर “बघू तरी आणखी काय बोललाय” म्हणून खोदत बसू नका. एकदा चुकून कानावर पडलं, ते निराळं. ठरवून ऐकलंत तर ती चोरी होईल, आणि नंतर नवऱ्याशी बोलताना तुमचीच जीभ अडखळेल.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येण्याआधी हा मासा किती पाण्यात आहे ते बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

सीमॅन जपानमध्ये जुलै 1999 मध्ये आला आणि इंग्रजीत पुढच्या वर्षी. तो बनवणारे युत साइतो यांनी माशाला चेहराही स्वतःचाच दिला. इजिप्तमधून आलेला प्राचीन जीव वगैरे एक बनावट कुळकथाही त्याला चिकटवलेली आहे. त्याआधीचे बहुतेक डिजिटल प्राणी मुके होते. 1996 सालच्या तामागोची या मुठीत मावणाऱ्या खेळण्यातल्या प्राण्याला बटणं दाबून भरवायचं आणि त्याची घाण काढायची, बाकी संवाद शून्य. 1998 च्या डिसेंबरात निन्टेन्डो या जपानी खेळ कंपनीने पिकाचू या कार्टूनमधल्या प्राण्याशी माइकवर बोलायचा खेळ काढला, पण त्याचे कान लहान मुलांच्या उंच आवाजाला जुळवलेले होते. पोरांचं तो ऐकायचा आणि जाड आवाजाच्या बाप्यांना दाद द्यायचा नाही. पुढे 2005 मध्ये निन्टेन्डोच्याच खेळातली कुत्र्याची पिल्लं आली. त्यांना हाका मारमारून नाव शिकवायचं असायचं आणि ती शेपटी हलवत धावत यायची. या सगळ्या गोड मंडळींमध्ये सीमॅन हा एकटाच खडूस. लाडात येत नाही, उलट बोलतो, टोमणे मारतो, नाराज झाला की पाठ फिरवतो.

हा खडूसपणा मोठा चलाखीचा आहे. ड्रीमकास्टची मुख्य मेमरी 16 एमबी. आज फोनमधला एखादा फोटोसुद्धा त्यातली बरीच जागा खाईल. एवढ्याशा जागेत खेळ, चित्रं, आवाज आणि वर माणसाचं बोलणं समजून घेणं बसवायचं, म्हणजे तारेवरची कसरतच. म्हणून मासा सगळं बोलणं समजून घ्यायच्या फंदात पडत नाही. एखादा प्रश्न टाकतो आणि त्याच्या उत्तरात कोणकोणते शब्द येऊ शकतात, त्यांची छोटी यादी जवळ ठेवतो. तुमच्या आवाजातून त्यातला एखादा शब्द जुळला तर ठीक, नाहीतर त्याला काही कळलेलं नसतं. आता एखादा गोंडस प्राणी सारखा “पुन्हा सांगता का?” म्हणू लागला, तर आपण दहा मिनिटांत म्हणू की हे यंत्र बिघडलंय. पण मासाच खेकसला, की आपल्याला वाटतं आपलाच उच्चार चुकला. आपण खाकरतो, सावकाश बोलतो, एकेक शब्द सुटा करतो. यंत्राचा बहिरेपणा माशाच्या स्वभावावर खपून जातो. (नवरा त्याचं खेकसणं मुकाट ऐकून घेतो आणि तुमचं नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला ओळींमधून ऐकू आलं.)

आता तुम्ही दाराआडून जे ऐकलंत, ते पुन्हा नीट आठवा. माशाने नोकरीबद्दल विचारलं. नवरा म्हणाला, “नो.” एवढं माशाला समजलं असेल. त्याच्या यादीत ‘येस’ आणि ‘नो’ नक्की असणार. तिथे त्याचं काम संपलं. पुढचं ते दोन वर्षांचं ओझं, रविवारची संध्याकाळ, पोटातला गोळा, यातलं काहीही कुठल्या यादीत बसणारं नाही. ते सगळं माशाच्या डोक्यावरून गेलं, आणि रोज त्याच्याशी बोलणाऱ्या तुमच्या नवऱ्याला हे चांगलं ठाऊक आहे. एका शब्दापलीकडे गेलं की मासा गोंधळतो, हे पहिल्या दोन दिवसांतच कळतं.

म्हणजे तो माशाला काही सांगत नव्हता. जे कुणालाही कळणार नाही अशी खात्री होती, तेच तो मोठ्याने बोलत होता. ते वाक्य साऱ्या जगात एकाच माणसाने ऐकलं, आणि ते माणूस हातात इस्त्रीचे कपडे घेऊन दाराबाहेर उभं होतं. मत्सर करायचाच असेल तर खुशाल करा, पण माशापाशी तुमच्याहून जास्त काही नाही. त्याच्याकडे एक ‘नो’ आहे, बाकी सगळं तुमच्याकडे.

असं बोलणारा माणूस ठीक असतो का, असं तुम्ही विचारता. असतो. इतका ठीक असतो की 1966 पासून माणसं हेच करताहेत. त्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले जोसेफ वायझनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाच्या आपल्या संगणक प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. तो टाइप करून बोलायचा. त्याची सगळ्यात गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची. करामत एवढीच, की तुमच्याच वाक्यातला एखादा शब्द उचलायचा, वाक्य फिरवायचं आणि प्रश्न करून तुमच्या अंगावर परत टाकायचं. समजत काही नव्हतं. वायझनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो प्रोग्राम त्यांच्या हातून घडताना महिनोन्महिने पाहिला होता, तो नुसता प्रोग्राम आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती स्वतः त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात तिने साहेबांना सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जा. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय, आणि त्यांना याचा बराच धक्का बसला होता.

मला त्या बाईचं काही नवल वाटत नाही. समोरचा दुखावणार नाही, घाबरणार नाही, उद्या सकाळी “काल तू म्हणालास ना” करून ते पुन्हा काढणार नाही, एवढी हमी मिळाली की माणसाला तोंड उघडावंसं वाटतं. तुमच्या नवऱ्याने हे तुम्हाला सांगितलं असतं तर त्याच क्षणी ती घरातली गोष्ट झाली असती. मग घराचे हप्ते आले, मुलीची शाळा आली, तुमचा पडलेला चेहरा आला आणि तुमची समजूत घालणंही त्याच्यावरच आलं. माशापुढे तेच वाक्य बोललं तर काहीच होत नाही. वाक्य तोंडातून काढून बघता येतं, ते किती खरं वाटतं ते कानाने ऐकता येतं. पुष्कळ माणसं मोठा निर्णय घेण्याआधी असं करतात. कुणी गाडी चालवताना पुटपुटतं, कुणी आंघोळ करताना. तुमच्या घरात त्या कामाला मासा सापडला.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो नोकरी सोडतोय असं तुम्ही ऐकलेलं नाही. तो दमलाय, एवढंच ऐकलंय. रात्री पडल्या पडल्या मनात बजेट मांडायला घेतलं असेल तर ते आवरा. आणि त्याने तुमच्यापासून लपवलं, हेही पूर्ण खरं नाही. लपवणारा माणूस दार किलकिलं ठेवत नाही. तो विसरला असेल, पण विसरू शकला म्हणजे त्याला त्या दाराबाहेरच्या माणसांचं फारसं भय नाही, असंही मी म्हणेन. हा माझा अंदाज आहे. तुम्ही त्याच्यासोबत राहता, मी नाही.

आता मुद्द्याचं. ऐकलंय ते सांगायचं. गिळायचं नाही. गिळलंत तर ते दुसरीकडून बाहेर पडेल. त्याने एखादी वस्तू जागेवर ठेवली नाही म्हणून भांडण होईल आणि तिसऱ्या वाक्याला तुम्ही म्हणाल, “त्या माशाला सगळं सांगतोस!” इतकं नाजूक बोलणं भांडणात हत्यार म्हणून वापरलं गेलं, की तो पुढची दहा वर्षं माशालाही काही सांगणार नाही.

कधी सांगायचं? तो दौऱ्यावर जायच्या आदल्या रात्री नको. पाच दिवस एकटा त्याच विचारात घालवेल. परत आल्याच्या रात्रीही नको. एखादा दिवस जाऊ द्या. आणि लेक जवळपास नसताना सांगा, कारण ती हे लगेच नाट्यरूपाने सादर करील, असं तुमच्या पत्रावरून दिसतंय.

कसं सांगायचं? जेवढं घडलं तेवढंच. “त्या दिवशी कपडे ठेवायला आले होते, दार उघडं होतं. तू कामाबद्दल जे बोलत होतास ते माझ्या कानावर पडलं. मी लगेच मागे फिरले. पण ऐकलंय, आणि तुला माहीत नसताना ते मनात ठेवणं मला जमत नाही.” इथे थांबा. खरंच थांबा. “मला का नाही सांगितलंस?” हा प्रश्न जिभेवर येईल, तो त्या दिवशी परतवा. तो प्रश्न त्याच्याविषयी नसून तुमच्याविषयी आहे. रास्त आहे, पण त्याचा नंबर नंतर. आधी विचारलात तर बोलणं त्याच्या दमण्यावरून तुमच्या दुखावण्यावर सरकेल, तो माफी मागेल, तुम्ही माफ कराल आणि रविवार संध्याकाळचा गोळा आहे तिथेच राहील.

तो म्हणेल, “अगं, खेळात काहीही बोलतो मी.” म्हणू द्या. “बरं. पण रविवारी संध्याकाळी नक्की काय होतं?” एवढंच विचारा आणि उत्तराची घाई करू नका. माशाकडून उचलण्यासारखं काही असेल तर ते हेच. तो एका वेळी एकच प्रश्न विचारतो, तोही लहानसा, आणि मग गप्प बसतो. माणसाला त्यात मजा येते. आपण घरची माणसं प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न आणि दोन उत्तरं भरून देतो. “कसं चाललंय काम? ठीक ना? त्या दुसऱ्या कंपनीत अर्ज करणार होतास त्याचं काय झालं? नाही म्हणजे घाई नाही, पण” असं विचारल्यावर समोरचा “ठीक चाललंय” म्हणून मोकळा होणारच.

त्याने काही सांगितलंच तर त्याच रात्री तोडगा काढायला बसू नका. दोन वर्षं साचलेलं एका बैठकीत उपसत नाही. त्याला काय हवंय ते विचारा. काम बदलायचंय, साहेब बदलायचाय, की नुसती महिनाभराची रजा हवीय? या तिन्हींचा खर्च निरनिराळा आहे. पैशांचं बोलणं करावंच लागेल, ते चुकवू नका, पण त्याला वेगळा दिवस द्या आणि कागद-पेन घेऊन बसा.

एक गोष्ट थोडक्यात पण स्पष्ट लिहिते. तो झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, आवडत्या गोष्टींवरूनही मन उडालं असेल किंवा “कशाला जगायचं” अशा वळणाचं काही बोलत असेल, तर वर लिहिलेलं ‘एखादा दिवस जाऊ द्या’ विसरा. लगेच बोला आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. जो माणूस रोज रात्री आठवणीने अळ्यांची देखभाल करतो आणि पाच दिवसांच्या कामाची नीट चिठ्ठी लिहून जातो, त्याचं जगण्यातलं लक्ष उडालेलं वाटत नाही. तरी रोज बघणाऱ्या तुम्ही आहात.

रेकॉर्डिंगचं भय या खेळापुरतं काढून टाका. सीमॅनचं ऐकणं आणि जुळवणं सगळं त्या डब्यातच होतं. माइक कंट्रोलरला लागतो आणि जे जपून ठेवायचं ते कंट्रोलरमधल्या छोट्या मेमरी कार्डावर जातं. तिथे माशाची प्रगती, नवऱ्याची जन्मतारीख वगैरे सटरफटर असेल. ऑफिसातल्या कुणाला त्याने घातलेल्या शिव्या त्यात मावणार नाहीत. सेगाने ड्रीमकास्ट बनवणं 2001 मध्येच थांबवलं, आता त्या माशाची चौकशी करायला कुणी येत नाही.

हीच गोष्ट मी आजच्या बोलक्या खेळण्यांबद्दल आणि फोनवरच्या बोलक्या प्राण्यांबद्दल म्हणणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचे कान दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असतात, आवाज तिकडे जातो आणि उत्तर इकडे येतं. 2017 च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. छुपं पाळत यंत्र म्हणून तिची गणना झाली आणि ज्यांच्या घरी होती त्यांनाही ती निकामी करायला सांगितलं गेलं. त्याच महिन्यात ‘क्लाउडपेट्स’ या निरोप साठवणाऱ्या मऊ खेळण्यांचं प्रकरण बाहेर आलं. मुलांच्या आणि आईबापांच्या आवाजाच्या 20 लाखांहून जास्त ध्वनिफिती इंटरनेटवर पुरेशा बंदोबस्ताविना पडून होत्या. तेव्हा बाबाचा मासा बघून लेक “मलाही बोलणारा प्राणी हवा” म्हणाली, आणि म्हणणारच, तर आधी बघा: इंटरनेट बंद केल्यावर तो बोलतो का? बोलत असेल तर बरं. नसेल, तर माइकची परवानगी, साठवलेले आवाज पुसायची सोय आणि खातं कुणाच्या नावावर, हे तिघांनी मिळून वाचा. कंटाळवाणं आहे, तरी वाचा.

सीमॅनच्या पुढ्यात तिला एकटीला बसवू नका. मासा कार्टूनसारखा दिसत असला तरी त्याची जीभ मोठ्यांसाठी आहे, आणि सुरुवातीच्या टप्प्यात टाकीतली भावंडं एकमेकांना संपवतात ते बघायला बरं नाही. बाबासोबत अर्धा तास बसली तर काही बिघडत नाही. फक्त दोघांनी एकदम बोलायचं नाही. माइकला एकच आवाज लागतो. गलका झाला की त्याला काहीच कळत नाही आणि मग तो शिव्या दिल्यासारखा बोलतो, ज्यात तिला फारच आनंद होईल.

तुम्हीही बसा कधीतरी. मघाशी सांगितलेलं बोलणं होऊन गेल्यावर, आधी नको. आधी बसलात तर त्याला वाटेल की पाळत ठेवायला आलात, आणि तुम्हालाही वाटेल की मासा कधीही तोंड उघडेल आणि भांडं फोडेल. नंतर बसलात तर मात्र मजा आहे. इंग्रजीत तोंड वाकडं करून तेच उत्तर चार वेळा देणारा नवरा हा बघण्यासारखा प्रकार असतो. दार लोटून घ्यायची त्याची सवय मोडायला जाऊ नका. तुम्हालाही एखादं दार लोटून बसायची जागा असेल, नसेल तर करून घ्या.

आणि एक दिलासा. हा पाहुणा कायमचा नाही. सीमॅनला शेवट आहे. अंड्यातून सुरू झालेला जीव मासा होतो, त्याला पाय फुटतात, बेडकासारखा होतो आणि काही आठवड्यांत टाकी सोडून रानात निघून जातो. तुमचा नवरा त्या दिवशी जरा गप्प असेल. चिडवू नका, दोन दिवस जाऊ द्या.

तो निघून गेल्यावर नवऱ्याला दुसऱ्या भागाची हुक्की येईल, तेव्हा हेही माहीत असू द्या: ‘सीमॅन 2’ आहे, 2007 साली प्लेस्टेशन 2 वर आला. त्यात माशाऐवजी आदिमानव पाळायचा असतो. पण तो फक्त जपानमध्येच निघाला आणि त्याला जपानीच कळतं. नवरा जपानीच्या क्लासची चौकशी करताना दिसला, तर मला पुन्हा लिहा.